खोपट की कल्याण

वेरावळ
३ एप्रिल १९८६

मंजूबाय,

तुझ्या पाया पडतो. दाजींना नमस्कार सांग. मी इकडे ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण तसा ठीक नाय.

शिमग्याला आलो नाय म्हणून तू रागावलीस, ते दाजींच्या पत्रात कळलं. काय करू, ऐन शिमग्यात इकडे बोटी भरभरून येतात आणि बर्फाचा कारखाना रात्रंदिवस चालतो. शेटने कुणालाच सोडलं नाय. माझं अक्षर चौथीतलं आहे आणि बोटं बर्फाने फुटलेली आहेत, तेव्हा समजून वाच.

कामाची गोष्ट. तुला माहीत आहे मी इथं काय करतो. आकड्याने बर्फाची लादी ओढायची, मशीनमध्ये फोडायची, मच्छीवर टाकायची, ट्रकचा फाळका लावायचा आणि बाजूला व्हायचं. मग ट्रक जातो. कुठं जातो, तर मुंबईला. घोडबंदरवरून, आपल्या ठाण्यावरून. म्हणजे मच्छी माझ्या घरावरून जाते आणि मी इथं चिखलात उभा. तीन वर्षं हेच बघतोय. आता डोकं फिरलंय.

तर शेट नवी गाडी घेतोय. ती नारळी पुनवेला, सीझन उघडला की रस्त्यावर येणार. तिच्यावर मोठा ड्रायव्हर जेसंगभाई, आणि त्याच्या हाताखाली दुसरा ड्रायव्हर पायजे. शेट बोलला, आपल्याच पोरांतला जो कोण हेवीचं लायसन घेऊन येईल त्याला बसवतो. इथं रतन म्हणून एक पोरगा आहे, पालघरकडचा. तो पण टपून बसलाय. पावसात कारखाना बंद असतो, तेवढ्यात मी घरी येऊन शिकणार. पण कुठं शिकणार ते शेटला आधी सांगायचंय, म्हणजे तो समजेल की पोरगा खाली बाता फेकत नाय.

आता कुठं शिकायचं यातच माझा भेजा आऊट झालाय. एका ड्रायव्हरने आपल्या ठाण्यातल्या खोपटच्या शाळेचा छापील कागद दिला. भरारी ड्रायव्हिंग स्कूल, एक महिन्यात हेवी, ग्यारंटी. दुसरा बोलतो खोपटबिपट सोड, कल्याणला दगडू उस्ताद आहे, त्याच्याकडे शिकलेला ड्रायव्हर लांबून ओळखू येतो. जेसंगभाई बोलतो शाळेत कोण ड्रायव्हर होत नाय, पाच वर्षं क्लीनर हो, शिव्या खा, मग बघू. तिघांचं ऐकलं की तिघे पण खरे वाटतात. रात्री एक ठरवतो, सकाळी दुसरं.

तू आणि दाजी दोन्हीकडे जाऊन बघून या ना. तू बघितलंस की मला मी बघितल्यासारखं वाटेल. आणि हे बाबांना सांगू नको. मी होडीवर परत येत नाय हे त्यांना अजून पचलेलं नाय.

तुझा
गोपी


मोहने
१५ एप्रिल

चि. गोपीनाथ यास मंजुळाचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. बोटांना खोबरेल लाव, नुसतं रडत बसू नकोस.

दाजी पहिल्या पाळीवरून सुटले आणि परस्पर खोपटला गेले. मी घरून गेले. एसटी डेपोच्या अलीकडे एका गाळ्यात शाळा आहे. बोर्ड एवढा मोठा की खालचं पानाचं दुकान दिसत नाही. आत पंखा, गुळगुळीत टेबल, आणि त्या टेबलावर एक स्टेअरिंग ठोकून बसवलंय. पोरं खुर्चीत बसून तेच फिरवत होती आणि तोंडाने गाडीचा आवाज काढत होती. मला हसू आलं तर दाजींनी डोळे वटारले. परशुराम मास्तर म्हणून मालक आहेत. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मला वहिनी म्हणाले, थंड मागवलं. म्हणाले, तुमचा भाऊ पोचला की महिन्यात त्याच्या हातात लायसन. परीक्षा कुठे, साहेब कसा, सगळं आम्हीच बघतो. ट्रक नवा रंगवलेला आहे, पुढे लिंबूमिरची.

मग रविवारी कल्याणला. दगडू उस्तादाचं ठिकाण शोधता शोधता चप्पल तुटली. बोर्ड नाही, काही नाही. गोदामांच्या मागे मोकळं मैदान, तिथे जुनी टाटा उभी, आणि तिच्या खालून दोन पाय बाहेर आलेले. ते पाय म्हणजे उस्ताद. बाहेर आला तो ग्रीसने माखलेला. दाजींनी विचारलं, किती दिवसांत शिकवणार. तर म्हणतो, "पोरगा बघितल्याशिवाय काय सांगू? हात बसेल तेव्हा बसेल." दाजी म्हणाले, नारळी पुनवेपर्यंत? तर म्हणाला, "पुनव काय मला विचारून येते का?" आणि परत गाडीखाली गेला. बसा म्हणाला नाही, पाणी विचारलं नाही.

दाजींचं मत खोपट. त्यांचं म्हणणं, लायसन महत्त्वाचं, हात काय गाडीवर बसला की आपोआप बसतो. मला विचारशील तर मला काही कळलं नाही. खोपटला सगळं बघायला मिळालं पण गाडी चालताना दिसली नाही. कल्याणला गाडी दिसली, तीही बंद पडलेली.

आता रागावू नकोस. मी बाबांना सांगितलं. सुकी मच्छी आणायला मी ठाण्याला बाबांकडे गेले होते, त्यांनी विचारलं गोप्याचं काय, आणि माझ्याच्याने खोटं बोलवलं नाही. मला वाटलं भडकतील. तसं काही नाही. जाळं शिवत होते, शिवतच राहिले. शिवता शिवताच म्हणाले, "दोघांबरोबर मी एकेक फेरी मारून येतो."

तुला आठवत असेलच आपल्यातलं. पोरगा दुसऱ्याच्या बोटीवर चढायच्या आधी त्याचा बाप त्या तांडेलाबरोबर एक फेरी मारतो. तांडेल कसा बोट हाकतो, खलाशाशी कसा वागतो ते बघतो आणि मगच पोराला पाठवतो. बाबांनी तेच धरलंय. मी म्हटलं, बाबा, ट्रकला कसली फेरी? तर म्हणाले, "उस्ताद म्हंजे तांडेलच ना?"



मंजू


वेरावळ
२४ एप्रिल

मंजूबाय,

तू सांगितलंसच. ठीक आहे.

पण मला एक सांग, बाबांनी जिंदगीत ट्रकच्या केबिनमध्ये पाय ठेवलाय काय? ते काय बघणार? उस्तादाला विचारतील भरती कधीची, ओहोटी कधीची. तो मास्तर खुर्चीवरून पडेल हसून. मग मी तिथं शिकायला गेलो की सगळी पोरं बोलणार, तो बघ, ज्याचा बाप ट्रकला होडी समजला तो हाच.

इकडे माझी अजून वाट लागलीय. मी रोज ड्रायव्हर लोकांना चहा पाजतो आणि विचारतो, चांगला ड्रायव्हर कशाने होतो. जेसंगभाई बोलतो कानाने, इंजिन काय बोलतं ते ऐकायचं. एक यूपीवाला बोलतो, आरशाने, पुढचं तर आंधळ्याला पण दिसतं. तिसरा बोलतो, झोपेने. म्हणजे काय विचारलं तर बोलला झोप येते ते कबूल करतो तो चांगला ड्रायव्हर, बाकी सगळे मेलेले. मी ऐकून येतो आणि खाटेवर पडून हवेत गियर टाकतो. परवा झोपेत बाजूच्याला लाथ मारली, क्लच समजून.

रतनने परवा सगळ्यांसमोर सांगितलं की त्याचं वसईला नक्की झालं. शेट माझ्याकडे बघून बोलला, "तारू शूं?" म्हणजे तुझं काय. मी बोलून गेलो, खोपटला नक्की. आता तोंडातून निघालंय.

तेव्हा दाजींना सांग, खोपटला माझं नाव घालून टाका. दाजी कारखान्यात माणसांत वावरतात, त्यांना कळतं. बाबांची फेरीबिरी झाली तरी ठीक, नाय झाली तरी ठीक. पण कल्याणच्या त्या उस्तादाचं पण राहून राहून मनात येतं. गाडीखाली पाय होते लिहिलंस ना, ते डोळ्यांसमोरून जात नाय. खोपटचा माणूस गाडीखाली जात असेल काय? आणि जायला पायजेच असं कुठं आहे?

लवकर लिही. मला काय ते एक सांग.

गोपी


मोहने
६ मे

चि. गोपीनाथ,

उशीर झाला. घरात गडबड होती.

बाबा गेल्या आठवड्यात खोपटला जाऊन आले. तिथे तुझं नाव घालू नये असं त्यांचं म्हणणं आहे. दाजींनीही नाव घातलेलं नाही. कारण तू आलास की सांगतील.

कैऱ्या या वर्षी बऱ्या मिळाल्या. मुरांबा केला आहे. तुझ्यासाठी बोंबील वाळवलेत, कुणी येणारा असेल तर पाठवते. शेजारच्या तुळसाची सून बाळंत झाली, मुलगी आहे.

बाबांचा हात जरा आखडला आहे. पट्टी बांधली आहे. सध्या ते माझ्याकडेच असतात. होडी गोमाजीकाका बघतात. काळजी करण्यासारखं नाही.

कल्याणची फेरी व्हायची आहे. तोवर शेटला काही नक्की सांगू नकोस.

मंजू


वेरावळ
१४ मे

मंजूबाय,

हे पत्र बाबांसाठी आहे. त्यांना वाचून दाखव. सगळं दाखव, मधलं खाऊ नको.

बाबा,

मंजूबायचं पत्र मी चार वेळा वाचलं. त्यात मुरांबा आहे, बोंबील आहे, कुणाची सून आहे, पण खोपट का नको ते नाय. कारण काय ते मला कळलंय. कारण तुम्ही आहात.

तुम्हाला मी गाडीवर नको. तुम्हाला मी होडीत पायजे, तुमच्यापुढे, पाणी उपसायला. चौथीनंतर शाळेतून काढलंत ते त्याच्याचसाठी. मी काय बोललो नाय तेव्हा, मला पण शाळेचा कंटाळा होता. पण आता मी माझ्या हिमतीने एक गोष्ट करायला निघालोय तर तुम्ही फेरी मारायला गेलात. कशाला गेलात? नको म्हणायलाच गेलात. आणि आता हात आखडला. बरोबर मी घरी यायच्या तोंडावर आखडला. म्हणजे गोपी आला की त्याला सांगायचं, बाबाचा हात चालत नाय, होडी कोण बघणार. मी लहान नाय बाबा. मला समजतं.

खोपटचे मास्तर चांगले आहेत. दाजींनी बघितलंय. महिन्यात लायसन मिळतं. मला शेटला कारखाना बंद व्हायच्या आत पक्कं सांगायचंय, नायतर रतनचं नाव लागणार. तुम्ही हो म्हणा की नाय म्हणा, मी खोपटला शिकणार.

तुम्हाला माझं चांगलं झालेलं बघायचं नसेल तर बघू नका.

गोपीनाथ


मोहने
२४ मे

चि. गोपीनाथ,

हे बाबा सांगत आहेत आणि मी लिहीत आहे. तुझं पत्र मी वाचून दाखवलं. शेवटची दोन वाक्यं मी गाळली होती. ते म्हणाले, "गोप्या असा अर्ध्यात थांबत नाय. पुढचं वाच." मग वाचलं. ते उठून ओट्यावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, लिही.

गोप्या,

मी खोपटला गेलो. मास्तरनं चांगलं बसवलं, च्या दिला. मी बोल्लो, मास्तर, पोराला तुमच्या हवाली करतंय तर तुमच्याबरोबर एक फेरी मारू द्या. तो हसला, पण चला बोल्ला. वर्तकनगरच्या पलीकडं मोकली जागा हाय, तिकडं गेलो. चांगली चालवली त्यानं गाडी, खोटं कशाला बोलू. मग मी बोल्लो, एकदा माझ्या हातात द्या. पोर काय धरणार हाय ते मना कळू दे. तो बोल्ला, घ्या काका, काय व्हतंय, पहिल्या गियरमधी चालेल हळूहळू. मी बसलो. तो बाजूला बसला.

आता तू होडीवर वाढलेला, तुना सांगायला नको. सुकाणूचा दांडा डावीकडं लोटला की होडीचं तोंड उजवीकडं जातं. चालीस वरसं माझा हात तसाच जातोय. पुढं उजव्या अंगाला नाला आला. मना डावीकडं जायचं व्हतं, तर माझा हात उजवीकडं गेला. गाडी पण उजवीकडं. मी घाबरलो, अजून जोर लावला. हात माझं ऐकंना, गाडी हाताचंच ऐकं.

चूक माझी. पुन्ना सांगतंय, चूक माझी. ज्यानं कवा धरलं नाय त्यानं धरायला नको व्हतं.

पण मास्तरनं काय केलं, दार उघडलं नि उडी मारली.

मी एकटा गाडीत. चाक नाल्याच्या कडेवर आपटलं नि ते स्टेअरिंग असं गरकन उलटं फिरलं का त्याची दांडी माझ्या मनगटावर बसली. हाड मोडलं. गाडी नाल्यात तिरकी जाऊन उभी ऱ्हायली. मास्तर लांबून वरडत व्हता, माझी गाडी, माझी गाडी. लोकांनी मना वर काढलं.

(गोपी, हात आखडला नाही, मोडला आहे. प्लास्टर आहे. तुला कळलं तर काम टाकून येशील, म्हणून कळवू नको असं यांनीच मला शपथ घालून सांगितलं होतं. मी लिहिलं ते खोटं लिहिलं. दाजी जाऊन मास्तरांना भेटले. ते म्हणाले, म्हाताऱ्याने गाडी घातली. आणि ते खरंच आहे, म्हणून दाजी तसेच परत आले. — मंजू)

मी मास्तरला वाईट बोलत नाय. जीव सगल्यांना प्यारा. पण मी तांडेल हाय. खलाशाच्या हातनं चुकून होडी उलटायला आली तर तांडेल पाण्यात उडी मारत नाय. आदी दांडा धरतो, मग त्याच्या थोबाडीत देतो. तू शिकायला जाशील तवा तुझी पन चूक व्हनार. तू माझाच पोर, तुझा हात पन होडीवरचा. तवा बाजूला कोन बसलंय?

म्हणून मी कल्यानला गेलो. हात गल्यात बांधून गेलो. आनंदा बरोबर व्हता.

(आनंदा म्हणजे दाजी. बाबा त्यांना जावईबापू म्हणत नाहीत हे तुला माहीतच आहे. — मंजू)

दगडू उस्तादाला मी सगलं सांगून टाकलं, नाला नि सुकाणू नि सगलं. लपवून काय उपेग. तो एवढा हसला का त्याला खोकला लागला. बोल्ला, "होडीवाल्याला मी शिकवलेलं हाय, पहिलं त्याचा हात मोडावा लागतो, तुमचा तर मोडूनच आलाय." मग बोल्ला, "बसा." मी बोल्लो, नको, एकदा झालं. तो बोल्ला, "बसा म्हंतो ना, पोराला द्यायचंय ना." मी बसलो, एका हातानं धरलं. तो माझ्याजवल इंजिनच्या डब्यावर टेकून बसला, एक हात माझ्या हाताखाली. गाडी चालली. पुढं रेतीचा ढीग आला नि गोप्या, माझा हात परत उलटा गेला.

तो हलला नाय. त्यानं माझ्या पायावर पाय ठिवून ब्रेक दाबला, बोटं चेचली माझी. हातातनं स्टेअरिंग काढून घेतलं नाय. गाडी थांबल्यावर माझा उद्धार केला, आनंदाच्या कानाला हात लागले. मग बोल्ला, "आता परत. नीट." परत चालवली. तवा सुदिक उलटीच गेली. तिसऱ्या खेपेला जरा सरल गेली.

पोराचं विचारलं. तो बोल्ला, पुनवेपर्यंत लायसन व्हईल का नाय सांगता येत नाय. पोरगा हुशार असला तर व्हईल. होडीवाला हाय, तर एखादवेली नाय व्हनार. मी खोटं सांगून तुमच्या पोराचा जीव घेनार नाय.

म्हणजे तुझी शेटची जागा जाईल, असं पन व्हऊ शकतं. मी आदल्या दिवशी दर्याकडं बघून वारा सांगतो, पन ह्यातलं मना सांगता येत नाय. ट्रक मना कलत नाय. मी दोघांच्या बाजूला बसलो नि जे दिसलं ते तुना सांगितलं. खोपटला गेलास तर जा. तुझं लायसन, तुझी जागा.

एकच हाय. होडीसाठी येऊ नको. गोमाजीला मी सुकाणू देऊन टाकलंय, निम्मा वाटा त्याचा. हात बरा झाला तरी मी आता जाल्यावर बसनार. तुना होडीत बसवायचं असतं तर मी एवढ्या लांब ट्रकमधी कशाला बसलो असतो?

शालेचं बोल्लास. ते बरोबर हाय.

नामा

(एवढं सांगून झाल्यावर मी विचारलं, आशीर्वाद लिहू का? म्हणाले, त्याला राग असेल, नको लिहू. मी लिहिते आहे. त्यांचे आणि माझे आशीर्वाद. — मंजू)


वेरावळ
३ जून

मंजूबाय,

पत्र मिळून तीन दिवस झाले. मी काय लिहू ते समजत नव्हतं, अजून नाय समजलेलं.

पहिल्या दिवशी पत्र वाचून मी कारखान्याच्या मागं जाऊन बसलो. बर्फाच्या पाण्यात पाय होते ते पण कळलं नाय. मुकादम येऊन बोलला, कोण मेलं काय? मी बोललो, नाय.

दुसऱ्या दिवशी मी जेसंगभाईला विचारलं. त्याला बाबांचं काय सांगितलं नाय, नुसतं विचारलं, की शिकणाऱ्याच्या हातून गाडी सुटली तर उस्ताद काय करतो. तो बिडी पेटवत होता. बोलला, "शूं करे? बेसी रहे." बसून राहतो. मी बोललो, आणि उडी मारली तर? तो माझ्याकडे असं बघायला लागला की मीच काय तरी घाणेरडं बोललोय. मग बोलला, तो उस्ताद नाय, पाशिंजर.

पण तरी माझं ठरेना. मला खोटं बोलायचं नाय बाय, खोपट सोडवत नव्हतं. महिन्यात लायसन, शेटची जागा, नवी गाडी. मी तीन वर्षं त्या गाडीची वाट बघितलीय, ती शेटच्या डोक्यात यायच्या आधीपासून. आणि मी मनात बोललो, मला माहीत आहे ना स्टेअरिंग कुठं फिरवायचं ते. मी काय म्हातारा नाय. मी नाय चुकणार. मग संध्याकाळी चहाच्या टपरीजवळ जेसंगभाईची गाडी उभी होती, इंजिन बंद, मी त्याला विचारून स्टेअरिंगवर बसलो. डोळे मिटले. तो खालून बोलला, डाबी बाजू. डावीकडे घे. मी घेतलं. डोळे उघडून बघितलं तर माझे दोन्ही हात उजवीकडे.

तो हसला. मी नाय हसलो.

काल शेटकडे गेलो. सांगितलं, मी कल्याणला शिकणार आणि पुनवेपर्यंत होईल की नाय ते नक्की नाय. शेट बोलला, मग रतनचं नाव लावतो. मी बोललो, लावा. मला वाटलं तो काय तरी बोलेल, थांब, बघू, असं. तो फोनवर बोलायला लागला. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि बाहेर आलो. नंतर मुनीम बोलला, दिवाळीनंतर ये लायसन घेऊन, गाड्या काय एवढ्यावर थांबणार नाय. आता मुनीमाचं खरं की शेटचं खरं, मला माहीत नाय. रतनने मिठी मारली मला. तो वाईट पोरगा नाय. त्याला मी सांगितलं, वसईवाला मास्तर बाजूला कसा बसतो ते आधी बघून घे. तो बोलला, म्हणजे काय? मी बोललो, तुझ्या बापाला घेऊन जा. त्याला वाटलं मी जळतोय.

मी बरोबर केलं की चूक केलं ते मला अजून कळत नाय. रात्री वाटतं बरोबर केलं. सकाळी नवी गाडी डोळ्यांसमोर येते आणि वाटतं गोप्या, तू गाढव आहेस. पण कल्याणचं ठरलं ते ठरलं. दाजींना सांग, उस्तादाला कळवा, मी येतोय. हातात काय नाय, हात उलटे आहेत, हे पण सांगा.

परवा जेसंगभाईच्या गाडीत बसून निघतोय, सीझनची शेवटची मच्छी घेऊन. तो मला घोडबंदरच्या नाक्यावर सोडेल. म्हणजे हे पत्र पोचेल त्याच्याआधी मीच पोचेन बहुतेक. मग तू म्हणशील लिहिलंस कशाला. लिहिल्याशिवाय राहवलं नाय म्हणून लिहिलं.

फक्त हे बाबांना वाचून दाखवू नको. त्यांनी विचारलं तरी नको. मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते त्यांनी तुझ्या तोंडून ऐकलं, आता पुढचं माझ्या तोंडून ऐकू दे. मोडलेला हात समोर ठेवून बसतील, मला माहीत आहे. मी काय बोलणार ते अजून ठरलेलं नाय.

वेरावळ ते ठाणं रस्ता लांब आहे. काय तरी सुचेल.

तुझा
गोपी